माई, स्वतःच्या वापरासाठी

माझे भाऊजी दात करतात. म्हणजे कवळ्या. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडात मऊ लगदा कोंबून जो ठसा घेतो, तो ह्यांच्याकडे येतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत बसून हे त्यात प्लास्टर ओततात, मेणाच्या हिरड्या चढवतात, एकेक दात बसवतात आणि घासून-पुसून, चकचकीत करून डबीत घालून पाठवून देतात. आमच्या गावात साठी उलटलेलं जे कोणी हसतं, ते बहुतेक भाऊजींच्या हातचं हसतं. खुद्द भाऊजींना मात्र मी फारसं हसताना पाहिलेलं नाही. हसण्यात परतावा नाही ना!

हा परतावा शब्द त्यांचाच. कशातही पैसा, वेळ किंवा चहाचा अर्धा कप घालायची वेळ आली, की भाऊजी विचारणार, "ह्यात परतावा काय?" लग्न ठरल्यावर ताईला पहिल्यांदा बागेत फिरायला घेऊन गेले, तेव्हा तिकिटाला बसल्या वेळाने भागून म्हणाले होते, अजून थोडं बसलो तरच परवडेल. ताई बसली. ती बिचारी तेव्हापासून बसलेलीच आहे. दवाखान्यातली पोरं त्यांना पाठीमागे 'परतावा' म्हणतात. हे त्यांना माहीत आहे, आणि माझा दाट संशय आहे की मनातून त्यांना ते आवडतं.

मी त्यांची धाकटी मेहुणी. पोस्टात काउंटरवर बसते. लोकांच्या ठेवी घेते, व्याज देते, पासबुकं भरते. आमचं पोस्ट शंभराला सहा देतं. त्यामुळे माझ्या नोकरीचाही भाऊजींना राग आहे. पोस्टात पैसे ठेवणं म्हणजे पैशाला अंगाई म्हणून झोपवणं, असं ते चारचौघांत सांगतात, आणि ते सांगताना माझ्याकडे बघतात. मी म्हणते, झोपू दे की मेलं, निदान घोरत तरी नाही.

तर अशा ह्या गृहस्थांनी दुसरं घर घेतलं. भाड्याने द्यायला. बसस्टँडच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि एक एवढंसं स्वयंपाकघर. निम्मे पैसे त्यांचे, निम्मे त्यांच्या आईचे. ताईचे सासरे सायकली दुरुस्त करायचे, त्यांचं दुकान विकून आलेले पैसे आईच्या नावावर माझ्याच पोस्टात झोपले होते. त्यांना भाऊजींनी खडबडून जागं केलं. घर मात्र भाऊजींच्या एकट्याच्या नावावर झालं. दोन नावं घातली की कटकट वाढते, म्हणाले. आईने विचारलं नाही आणि ह्यांनी सांगितलं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

ह्या आईला आम्ही सगळे माई म्हणतो. सत्तरी कधीच मागे पडली, पण पाठ ताठ, कान तिखट, आणि तोंडात एकूण एक दात स्वतःचा. कवळीवाल्या मुलाला घरचं एकमेव गिऱ्हाईकसुद्धा मिळालं नाही! माईंचं जग तसं लहान. गॅलरीलगतची छोटी खोली, तिथली लोखंडी खाट, उशाशी रेडिओ, आणि गॅलरीतून दिसणारा रस्ता. सकाळी बातम्या ऐकायच्या, दुपारी रस्ता बघायचा, संध्याकाळी ताईला भाजी निवडून द्यायची. त्या खोलीतून त्यांनी कुणाला काही मागितल्याचं मला आठवत नाही.

नव्या घरात भाडेकरू म्हणून एक शिंपीण आली. नवरा ट्रकवर, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी. बाई कष्टाळू, स्वच्छ, भाडं वेळेवर. भाऊजी खूश. जेवताना ताटाशेजारी कागद घेऊन मला समजावायचे. वर्षाचं भाडं शंभराला आठ पडतं. रंगरंगोटी, जिन्यातला दिवा, नळाची गळती धरली तर सात. घरपट्टी वजा केली की साडेसहा. पोस्टापेक्षा अर्धा जास्त, शिवाय घर आपलं ते आपलंच. त्या अर्ध्या टक्क्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर असा काही पसरायचा, की ताई त्यांना आणखी एक पोळी वाढायला विसरायची.

मग घरपट्टीचं बिल आलं. ह्यांनी धरली होती त्याच्या चौपट.

भाऊजी ते बिल घेऊन माझ्या काउंटरवर आले. जणू नगरपालिका मीच चालवते! मी वाचून दाखवलं. त्यात लपवाछपवी काही नव्हती. मालक स्वतः राहत असेल तर घरपट्टीचा दर एक, आणि घर भाड्याने दिलं असेल तर दर चौपट. हे आजचं नाही, वर्षानुवर्षांचं आहे. गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण भाऊजींनी घर घेताना विकणाऱ्याचं बिल बघितलं होतं, आणि विकणारा त्या घरात स्वतः राहत होता. एवढी साधी गोष्ट! आयुष्यभर दुसऱ्यांच्या जबड्याची मापं घेतली, आणि स्वतःच्या गळ्याचं माप घ्यायला विसरले.

नवा हिशेब झाला. शंभराला पाच. पोस्टापेक्षा एक कमी. मी नुसती हसले असेन, पण काउंटरच्या काचेमागून ते दिसलं म्हणतात.

चार दिवस भाऊजी जेवले नाहीत. म्हणजे जेवले, पण कागद न घेता. पाचव्या दिवशी कुठूनशी त्यांना अक्कल मिळाली. आता हे नीट ऐका, कारण आमच्या गावात ही अक्कल बऱ्याच जणांना मिळालेली आहे. नियमात असं आहे की मालक स्वतः राहत नसला, पण त्याचं रक्ताचं माणूस तिथे राहत असलं, तरी ते घर 'स्वतःच्या वापरात' धरतात. रक्ताच्या माणसाची देखभाल करायला कुणी ठेवलेलं असेल तर तेही चालतं. झालं! गावातल्या घरमालकांना एकाएकी नात्यांचा उमाळा आला. जिकडे भाडेकरू, तिकडे एक म्हातारं माणूस मुक्कामाला. कुणाचे वडील, कुणाचा चुलता. वर्षानुवर्षं ज्यांना कुणी पाणी विचारलं नव्हतं, त्यांना न्यायला दारात रिक्षा उभ्या राहिल्या. एका किराणा दुकानदाराने तर एकच आत्या दोन घरांत दाखवली. ती बिचारी सकाळी इकडे आणि दुपारी तिकडे, तपासनीस येईल तिकडे.

भाऊजींना लांब जावंच लागलं नाही. त्यांचं रक्ताचं माणूस गॅलरीत बसून रस्ता बघत होतं.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते. भाऊजींनी माईंना सगळं समजावून सांगितलं. अगदी शंभराला पाच आणि शंभराला साडेसहा इथपासून. माईंनी निवडायची भाजी बाजूला ठेवून ऐकून घेतलं. त्यांना कळलं नसेल असं समजू नका, सायकलच्या दुकानाचा गल्ला त्यांनीच सांभाळला होता. त्यांनी एकच विचारलं.

"मला परत कधी आणशील?"

"तपासायला माणूस येऊन गेला की लगेच. फार तर आठ दिवस."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि पहिल्यांदाच नवऱ्यावर आवाज चढवला. म्हणाली, त्या काय फुलदाणी आहेत का, पाहुणे येणार म्हणून दिवाणखान्यात मांडायला? भाऊजी म्हणाले, आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. माईच म्हणाल्या, जाऊ दे गं, त्याचा फायदा होतोय ना. आणि उठून आपली पिशवी भरायला गेल्या. दोन लुगडी, रेडिओ, चष्मा. आठ दिवसांसाठी अजून काय लागतं?

इकडे शिंपीण काही दुधखुळी नव्हती. कागदावर ती आता भाडेकरू राहिली नव्हती, तर 'माईंच्या देखभालीला ठेवलेली बाई' झाली होती. तिने कमरेवर हात ठेवून विचारलं, ठेवलेल्या बाईला पगार असतो, ती उलट भाडं कशी भरते? माणूस खोलीत राहणार, जेवणार, त्याचं काय? भाऊजींनी घासाघीस केली. आणि कशावर केली असेल? आई खाते किती, ह्यावर! म्हणाले, तिचं वय झालंय, ती कितीसं खाते, सकाळी अर्धी पोळी, रात्री नुसतं दूध. आणि माई तिथेच, पलंगाच्या कडेला, हातात पिशवी धरून बसलेल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी भाडं थोडं उतरलं. भाऊजींनी जिन्यातच नवा हिशेब केला. शंभराला सहा आणि वर थोडं. अजूनही पोस्टाच्या पुढे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण ते म्हणणारे आमच्या भाऊजींना भेटलेले नसणार.

तपासनीस तिसऱ्याच दिवशी आला, माईंना बघितलं, सही घेतली, गेला. घरपट्टी 'स्वतःच्या वापरा'ची झाली. ताईने त्याच संध्याकाळी माईंच्या खाटेवरची चादर बदलली, आणि रविवारी त्यांना आणायला जाऊ म्हणाली. भाऊजी म्हणाले, इतक्यात नको. हे लोक पुन्हा अचानक येतात म्हणे. जरा थांबू.

जरा म्हणता म्हणता महिना झाला. मग दोन. पहिले काही रविवार माई सकाळी आवरून, पिशवी भरून, दाराशी खुर्ची घेऊन बसायच्या. हे मला शिंपिणीने सांगितलं. ती म्हणाली, मी त्यांना म्हणते आत बसा, तर म्हणतात, जिना चढून आल्यावर त्याला ताटकळत उभं ठेवायला नको. पोस्टातून घरी जाताना मी वाट वाकडी करून माईंकडे डोकावायचे. त्या चहा विचारायच्या, पोस्टातल्या गमतीजमती विचारायच्या, आणि मी निघताना हळूच विचारायच्या, "काही बोलला का गं तो?" मी नाही म्हणायचे. काय सांगणार? भाऊजी बोलत होतेच, पण दुसऱ्याच गोष्टींवर.

रोज नुसतं बसून माणूस गंजतं. माईंनी एक दिवस शिंपिणीच्या हातातला शर्ट ओढून घेतला आणि त्याची काजं करून दिली. सुरेख, एकसारखी. मग रोजच करायला लागल्या. शिंपीण दर काजामागे पैसे द्यायची. त्या नको म्हणायच्या, ती जबरदस्तीने रेडिओखाली ठेवायची. हळूहळू दाराशी खुर्ची मांडणं बंद झालं. दोघींची काय ती बडबड! मशीनच्या आवाजावर आवाज काढून बोलायच्या, आणि माई खळखळून हसायच्या. मला माईंना इतके दात आहेत हे तोवर ठाऊकच नव्हतं.

तरीही घरची ओढ सुटली नव्हती, हे मी शपथेवर सांगते. मध्येच विचारायच्या, गॅलरीतल्या कुंडीला पाणी घालतात का? समोरच्या दुकानाचा तो निळा रंग बदलला का? माझी खोली झाडता का गं? शेवटी ताईच हट्टाला पेटली. एका रविवारी नवऱ्याला न विचारता रिक्षा केली आणि माईंना जेवायला घरी घेऊन आली. मलाही बोलावलं. भाऊजी जरा बावरले, पण आई आली म्हणून त्यांनाही बरं वाटलं असावं. पानात स्वतः वाढलं तिच्या. तेवढं तरी खरं सांगायला हवं.

जेवणं झाली. माई म्हणाल्या, जरा पाठ टेकते. आणि सवयीने आपल्या खोलीत गेल्या.

खाटेवर दात होते. एका ताटात वरचे, एका ताटात खालचे, मेणाच्या हिरड्यांवर ओळीने लावलेले. उशाच्या जागी प्लास्टरची पिशवी. रेडिओ ठेवायच्या फळीवर घासायचं मशीन, आणि सगळीकडे पांढरी धूळ, गॅलरीच्या दारापर्यंत. भाऊजींनी दवाखान्याबाहेरची खाजगी कामं घरी घ्यायला सुरुवात केली होती. ताईने तोंड फिरवलं. तिने भांडून पाहिलं होतं हे मला नंतर कळलं. भाऊजी मागून आले आणि माईंना म्हणाले, अगं, खोली नुसतीच रिकामी पडली होती, तिच्यात परतावा शून्य. तू यायचं म्हणालीस की दोन मिनिटांत उचलतो. आणि खरोखरच एक ताट उचलायला वाकले.

माईंनी त्यांना हाताने थांबवलं. एक कवळी उचलून उजेडात धरली, उलटसुलट करून बघितली. "सुबक झालीय," म्हणाल्या. ती जागच्या जागी ठेवली, पदराने बोटांवरची धूळ पुसली, आणि बाहेर येऊन चपला घातल्या. रिक्षात आम्ही दोघीच होतो. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले तेव्हा काही बोलला का हे त्यांनी विचारलं नाही. कुंडीचंही नाही.

आता नगरपालिकेत काय सगळे झोपलेले असतात? एकाच आत्येची सही दोन घरांच्या कागदांवर निघाली आणि त्यांचे डोळे उघडले. फर्मान निघालं, 'स्वतःच्या वापरा'ची सगळी घरं नव्याने तपासायची. मालकाला समोर उभं करायचं आणि राहणाऱ्या माणसाला तोंडी विचारायचं. गावभर धावपळ उडाली. घरोघरी म्हाताऱ्यांची उजळणी सुरू झाली. काय विचारतील, काय सांगायचं, काय सांगायचं नाही. एका चुलत्याने म्हणे पाठांतराचे वेगळे पैसे मागितले. शाबास त्याची!

भाऊजी आदल्या दिवशी जाऊन माईंची उजळणी घेऊन आले. फार काही नाही, तीनच वाक्यं. मी मुलाच्या घरात राहते. ही बाई माझी देखभाल करते. भाडंबिडं काही नाही. माई काजं करता करता हो-हो म्हणाल्या. भाऊजी निर्धास्त घरी आले आणि ताईला म्हणाले, आईचं एक बरं आहे, ती कधी आडवं लावत नाही.

शनिवारी पोस्ट दुपारी बंद होतं, म्हणून मीही गेले. ताई होती, भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून होते. तपासायला आल्या त्या मॅडम वयाने तरुण, पण बोलणं शांत आणि पक्कं. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या आणि माईंकडे वळून विचारलं, आजी, इथे कोण कोण राहतं? माई म्हणाल्या, मी, ही, आणि गाडीवरून आला की हिचा नवरा. मॅडमनी विचारलं, ही तुमची देखभाल करायला ठेवलेली का? माई म्हणाल्या, देखभाल करते, पण तिला ठेवलंय कुणी? उलट तीच भाडं भरते.

भाऊजींचा चेहरा प्लास्टरसारखा पांढरा पडला. मॅडमनी लिहिणं थांबवलं आणि पेन त्यांच्याकडे दाखवून विचारलं, "आणि हे कोण?"

माईंनी चष्मा नीट केला. मुलाकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत, अगदी निवांत.

"हे घरमालक," त्या म्हणाल्या. "पहिल्या तारखेला येतात."

मग भाऊजी हसले. काय ते हसणं! स्वतः केलेल्या शंभर कवळ्यांपैकी एकही इतकी वाईट बसली नसेल. मॅडमना म्हणाले, वय झालंय हो तिचं, विसरते, माणसं ओळखत नाही. टक्क्या-दीड टक्क्यासाठी माणूस जन्मदात्या आईला वेडी ठरवतो, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि बघतानासुद्धा खरं वाटेना.

मॅडमनी ते मनावर घेतलं. हळू आवाजात माईंना वार विचारला, तारीख विचारली, मजला विचारला. माईंनी सगळं बरोबर सांगितलं. मॅडमनी विचारलं, आजी, तुम्हाला मुलगा आहे का?

"आहे ना. दात करतो. हात फार चांगला आहे त्याचा." माईंनी मांडीवरचा शर्ट सारखा केला. "मला आठ दिवसांत न्यायला येणार होता. अजून आला नाही."

ताई रडायला लागली. शिंपीण माईंच्या मागे जाऊन उभी राहिली. मॅडमनी खाली मान घालून काय लिहायचं ते लिहिलं, भाऊजींची सही घेतली आणि निघाल्या. जाताना माईंना वाकून नमस्कार करावा की करू नये अशा घोटाळ्यात क्षणभर दाराशी थांबल्या, आणि तशाच गेल्या. दर भाड्याचा लागणार, मागची रक्कम वसूल होणार, वर दंड. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. हिशेब मीसुद्धा केला. शंभराला साडेतीनही धड पडत नव्हते. पण खरं सांगते, त्या वेळी मला हसू आलं नाही.

मॅडमची पावलं जिन्यावरून उतरली. मला वाटलं, आता हा माणूस आईच्या पाया पडेल. निदान ओरडेल तरी. त्यांनी ह्यातलं काहीच केलं नाही. घाम पुसला आणि म्हणाले, "चल आई, पिशवी भर. आता इथे राहून काही उपयोग नाही."

माईंनी मांडीवरचा शर्ट पुन्हा हातात घेतला होता. सुईत दोरा ओवत त्यांनी विचारलं, "घरपट्टी आता भाड्याचीच लागणार ना?"

"लागणार. तुझ्याच कृपेने."

"मी इथे राहिले तरी तेवढीच, आणि तिकडे आले तरी तेवढीच?"

"हो."

"तुझी ती कामं आहेत, माझ्या खोलीतली. मी आले की ती बंद करावी लागतील." माईंनी दोऱ्याला गाठ मारली आणि मुलाकडे बघितलं. "मग मी इथेच राहिले, तर तुझं काय जातं?"

आईने हे का विचारलं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. माईंनी दार उघडं ठेवलं होतं. ह्यांनी नुसतं पाऊल आत टाकायचं होतं. माझं जातं, एवढंच म्हणायचं होतं. ताईने तर त्यांच्या दंडाला हात लावला, जणू उत्तर ढोसून बाहेर काढायचं होतं.

पण भाऊजींना प्रश्न विचारला गेला होता, आणि प्रश्न हिशेबाचा होता. त्यांची नजर छताकडे गेली. ओठ हलले. बोटं एकमेकांवर मोजत राहिली. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, अहो नका, एकदा तरी नका.

"तसं बघितलं तर," ते अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "काही जात नाही."

"मग झालं तर," माई म्हणाल्या, आणि शिंपिणीला हाक मारून कात्री मागितली.